आधी कुणी बोलायचं

नागोराव गव्हाणे ट्रेसर होता आणि त्याला ते काम मनापासून आवडायचं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नसे. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि खालची एकेक रेघ शाईनं वर उतरवायची. हात स्थिर लागतो, श्वास रोखावा लागतो आणि तोंड बंद ठेवलं तर कुणाला वावगं वाटत नाही. बोईसरच्या सर्वे ऑफिसात तो चार महिने होता, पण चहावाल्यालाही त्याचा आवाज नीट ठाऊक नव्हता.

त्याचं गाव हिंगोलीकडचं. निजामाच्या राज्यात त्याची शाळा उर्दूतली. तिसरीत असताना इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी नेमकं त्यालाच उभं केलं. बापाचं नाव काय, काम काय, एवढंच विचारलं होतं. नागोरावानं अर्धं मराठीत, अर्धं उर्दूत काहीतरी सांगितलं. आधी इन्स्पेक्टर हसले, मग मास्तर, मग सगळा वर्ग. तिथंच त्याची चड्डी ओली झाली. आता तो सत्तावीस वर्षांचा होता, पण अनोळखी माणसासमोर उभं राहिलं की पोटात तीच कळ यायची, घसा कोरडा पडायचा आणि शब्द जिभेच्या मुळाशी अडकायचे. त्यातून इथली बोली वेगळी, त्याची वेगळी. आपण तोंड उघडलं की लोक हसणार, हे त्यानं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

एकोणीसशे पासष्टच्या जानेवारीत मात्र गप्प राहणं परवडेना. तारापूरच्या प्रकल्पाचं काम सुरू झालं होतं आणि त्यापायी आलेल्या माणसांसाठी माळावर पत्र्याच्या शेडा उभ्या केल्या होत्या. त्यातल्या एका शेडीत नागोराव आणि त्याची बायको नर्मदा राहत. तिला सातवा महिना लागला होता. महिनाअखेर शेडा पाडणार, तिथं खडी ठेवायची आहे, असा निरोप आला. बोईसरात खोली मिळणं मुश्कील होतं. कुठून कुठून माणसं येऊन उतरली होती आणि गावातले लोक ओळखीशिवाय कुणाला ओसरीवरही टेकू देत नव्हते.

त्याच्या शेजारच्या टेबलावर भगवंत बसायचा. साताऱ्याकडचा, बोलका, कुणाच्याही खांद्यावर हात टाकणारा. त्यानं सांगितलं की खोली शोधून मिळत नसते, ओळखीनं मिळते. रविवारी पालघरच्या वाचनालयात तिळगुळाचा समारंभ होता. जुन्या नव्या लोकांची ओळख व्हावी म्हणून यंदा प्रकल्पाकडच्या लोकांनाही बोलावलं होतं. बागायतदार येणार, भातगिरणीवाले येणार. चार माणसांशी दोन शब्द बोल, खोलीचं काम तिथंच होईल, असं भगवंत म्हणाला. नागोराव हो म्हणाला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी नर्मदेनं त्याची तालीम घेतली. ती पदर खोचून पेटीवर ऐटीत बसली आणि म्हणाली, मी बागायतदार, आता या माझ्याकडं. नागोराव दारातून आत आला आणि उभाच राहिला. समोर स्वतःची बायको असूनही त्याच्या कानशिलांवर घाम आला.

"काहून भेता?" ती म्हणाली. "तिळगूळ पुढं करायचा. तुमचं नाव सांगायचं, कुठं काम करता ते सांगायचं. मंग खोलीचं इचारायचं. चार तर गोष्टी हायत."

सातव्या आठव्या खेपेला ते सगळं त्याला अडखळल्याशिवाय म्हणता आलं. रात्रभर तो ते मनात घोळवत राहिला. नर्मदा झोपेत कूस बदलताना कण्हायची, तेव्हा तो आणखी एकदा म्हणायचा.

रविवारी दुपारच्या शटलनं भगवंत त्याला पालघरला घेऊन गेला. वाचनालयाच्या मोठ्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या, भिंतीकडेनं खुर्च्या होत्या आणि शंभर तरी माणसं एकमेकांशी मोठ्यानं बोलत होती. दारात एकानं दोघांच्या हातात तिळगुळाची पुडी दिली. भगवंत कुणाला तरी हाक मारत पुढं गेला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

नागोराव पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिला. काचेआडच्या पुस्तकांची नावं त्यानं दोनदा वाचून काढली. पाठ लोकांकडं होती तोवर बरं वाटत होतं, पण पाठीलाही जणू डोळे फुटले होते. मागं कुणी हसलं की ते आपल्यालाच, असं वाटून त्याची मान आखडायची. शेवटी नर्मदेची आठवण काढून तो वळला. जवळच चारपाच जण एका भातगिरणीवाल्याचं बोलणं ऐकत होते. नागोराव त्या घोळक्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. गिरणीवाला बोलायचा थांबला आणि त्यानं याच्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"तिळगूळ घ्या," नागोराव म्हणाला.

गिरणीवाल्यानं घेतला, आपलाही दिला आणि पुढच्या शब्दाची वाट पाहिली. पुढचा शब्द आला नाही. पाठ केलेलं सगळं डोक्यातून पुसून गेलं होतं. तो मान खाली घालून माघारी फिरला आणि सरळ बाहेर व्हरांड्यात गेला. पुडी घामानं भिजली होती, हलव्याचे दाणे कागदाला चिकटले होते. इथूनच स्टेशनवर निघून जावं, घरी जाऊन काहीतरी सांगावं, असं त्यानं ठरवलंही. पायरीवर एक पाय ठेवला होता, तेवढ्यात भगवंत त्याला शोधत आला.

त्यानं आतल्या एका म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं. काळी टोपी, स्वच्छ धोतर, एकटाच खुर्चीवर बसलेला. ते पाम गावचे शांताराम सावे. वाडीच्या टोकाला त्यांच्या दोन खोल्या होत्या. शाळेचे मास्तर बदलून गेल्यापासून त्या रिकाम्या पडल्या होत्या. माणूस भला आहे, असं सांगून भगवंतानं त्याला आत ढकललं आणि स्वतः चहाकडं गेला.

खुर्चीपर्यंतची पंधरा पावलं नागोराव कशी चालला, ते त्याचं त्यालाही नंतर आठवेना. समोर पोचल्यावर, विचार करायला वेळ मिळाला तर तोंड उघडणार नाही या भीतीनं, त्यानं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"तिळगूळ घ्या. मी नागोराव गव्हाणे. सर्वेच्या ऑफिसात असतो."

साव्यांनी पुढं केलेला हात तसाच राहिला. चेहरा उतरला. त्यांनी आधी नागोरावाकडं पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं आणि टोपी सारखी केली. नागोरावाला काही उमगेना. आपण काय चुकीचं बोललो म्हणून तो वाक्य पुन्हा आठवून पाहू लागला.

"मापून झालं ना सगलं?" सावे हलक्या आवाजात म्हणाले. "परत कशाला आलाव?"

तेव्हा कुठं नागोरावाच्या ध्यानात आलं की हा माणूस आपल्याला भ्यायलाय. आयुष्यात त्याला कुणी भ्यालं नव्हतं. त्या ओळखीच्या कोरड्या घशाकडं, त्या आवंढ्याकडं तो बाहेरून पाहत होता, आणि ते पाहणं स्वतः भिण्यापेक्षा वाईट होतं.

"तसं काही नाही, काका," तो घाईनं म्हणाला. "मी मोजणीला जात नाही. मी नुसत्या रेघा ओढतो."

सावे पुढं वाकले. प्रकल्पाकडं नवा रस्ता जाणार आणि तो पामच्या वाड्यांमधून काढणार, अशी कुणकुण गावात महिनाभर होती. कुणी काही सांगत नव्हतं. त्यांनी नागोरावाचं मनगट धरलं.

"तेवडं एक सांगा. आमचा त्र्याऐंशी नंबर. चिकूची वाडी हाय, इहीर हाय. ती जाते का रस्त्यात?"

त्र्याऐंशी नंबर. नागोरावाला तो नकाशा पुरता आठवला. विहिरीचं चिन्ह म्हणजे एक बारीक वर्तुळ. रस्त्याची दुहेरी रेघ त्या वर्तुळावरून गेली होती आणि तिथंच पेनातून शाईचा थेंब पडला होता. तो त्यानं पात्यानं खरवडून काढला होता, दहा मिनिटं जपून. मंजूर न झालेल्या नकाशातलं अक्षर जरी बाहेर गेलं तरी नोकरी जाईल, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आता साव्यांचा हात त्याच्या मनगटावर होता आणि त्याला वाटलं, माझी नाडी यांना सगळं सांगतेय.

"ते मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

साव्यांनी हात सोडला नाही. आजूबाजूचे दोघेतिघे जवळ सरकले होते. आणि मग नागोराव स्वतःहून बोलू लागला. नकाशा मंजूर झाला की चावडीवर नोटीस लागते, त्यात नंबर असतात, लागल्या दिवसापासून तीस दिवसांत हरकत घेता येते. ती लेखी द्यावी लागते आणि पोच मागून घ्यायची असते. झाडं किती, विहीर केव्हाची, हे कागदावर आणून ठेवायचं असतं. ऑफिसात चार महिने न बोलता ऐकलेलं सगळं बाहेर पडत होतं. कुणी मध्ये शंका विचारली, तिचंही त्यानं उत्तर दिलं. आपण त्यांच्या बोलीत बोलत नाही हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही, आणि कुणी हसलं नाही.

उठताना साव्यांनी विचारलं, "तुमी ऱ्हाता कुठं?"

हाच तो प्रश्न. खोलीचं बोलायला याहून चांगली वाट मिळाली नसती. नागोरावानं तोंड उघडलं आणि त्याला ते वर्तुळ दिसलं. आता खोली मागितली तर उद्या नोटीस लागल्यावर हा माणूस काय म्हणेल? माझी विहीर ठाऊक असून माझ्याच घरात राहायला आला, असंच म्हणेल.

"शेडीत," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं नर्मदेला सगळं सांगितलं. नंबराचं तेवढं सांगितलं नाही, तिथं खोलीचं काही जमलं नाही एवढंच म्हणाला. तिनं भांडण केलं नाही. भाकरी थापता थापता थांबली, पोटावर हात ठेवून थोडा वेळ बसली, आणि मग पुन्हा थापू लागली. ते गप्प बसणं त्याला झोंबलं.

महिनाअखेरीला शेडा पाडल्या. भगवंतानं दोघांना आपल्या घरी नेलं. त्याची एकच खोली. तिच्यात तो, त्याची बायको उषा आणि दोन मुलं. मध्ये लुगडं बांधून आडोसा केला. उषा मनानं मोठी होती, पण नर्मदेला रात्री पाय पसरायला जागा नव्हती आणि तिचे घोटे सुजू लागले होते. नागोराव रोज ठरवायचा की आज कुणाला तरी विचारायचं आणि रोज संध्याकाळी तसाच परत यायचा. पालघरला सुटलेली जीभ तिथंच राहिली होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नोटीस पामच्या चावडीवर लागल्याचं त्याला ऑफिसात कळलं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भगवंताची सायकल घेतली. आपण का निघालो हे त्याला नीट सांगता आलं नसतं. नोटीस उघड्यावर लागलेली, ती कुणीही वाचावी, त्यात नियम मोडत नाही, असं तो पायडल मारता मारता स्वतःला समजावत होता. तरी अर्ध्या वाटेवर त्यानं उतरून सायकल उलटी वळवली होती. पाच मिनिटं तसाच उभा राहिला. मग पुन्हा सुलटी केली.

चावडीसमोर पन्नासेक माणसं होती. फळ्यावर चार पानं डकवली होती, बारीक टायपातली, सरकारी भाषेतली. तलाठी दुसऱ्या गावी गेला होता. कुणी एकजण अक्षर अक्षर लावत वाचायचा आणि अडला की थांबायचा. सावे कठड्याला टेकून बसले होते. सायकल टेकवून नागोराव पुढं झाला तशी माणसं बाजूला झाली. जिव्या नावाचा गाडीवान पालघरला त्या दिवशी हजर होता. तो म्हणाला, "ह्योच तो. नकाशे काडणारा."

पन्नास तोंडं त्याच्याकडं वळली होती आणि त्यातलं एकही हसरं नव्हतं. इथं हसण्याचं भय नव्हतंच, मार बसण्याचं होतं. पण गप्प उभं राहण्यात आता जास्त धोका आहे, हे त्याला कळत होतं. सगळ्यांकडं पाहणं जमेना, म्हणून त्यानं एकट्या साव्यांकडं पाहिलं.

"काका, मी वाचून दाखवू?"

साव्यांनी नुसती मान डोलावली.

तो वाचू लागला. आवाज पहिल्या पानावर कापत होता आणि दुसऱ्या पानावरही कापतच होता. तो थांबला मात्र नाही. एक नंबर वाचायचा, किती गुंठे जातात ते सोप्या शब्दांत सांगायचा, मग पुढचा. ज्याचा नंबर यायचा तो माणूस खाली बसायचा. त्र्याऐंशी नंबर तिसऱ्या पानावर होता. विहिरीसकट बावीस गुंठे. ते वाचताना त्यानं नजर कागदावरून हलवली नाही.

"ही रेघ तूच ओडलीस ना?" जिव्यानं विचारलं.

"होय," नागोराव म्हणाला. "ती कुठून न्यायची हे मी ठरवत नाही. पण ओढली मीच."

कुणीतरी शिवी दिली. दोघंजण पुढं आले, दुसऱ्यांनी त्यांना आवरलं. तो तिथंच पायरीवर बसला, पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाला, ज्याला हरकत घ्यायची असेल त्यानं सांगावं, मी लिहितो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक म्हातारी आली. मग जिव्याच आला, रागात, उभ्या उभ्या आपला नंबर सांगू लागला. ऊन उतरेपर्यंत अठरा अर्ज झाले.

सावे सगळ्यात शेवटी आले. विहीर आजोबांनी खणलेली, आठ पुरुष खोल, एवढं सांगून त्यांनी सही केली. कागद घडी करता करता विचारलं, "त्या दिवशी ठाऊक होतं तुमाला?"

"होतं."

सावे त्याच्याकडं पाहत राहिले. नागोरावाला वाटलं, आता हे बोलतील, रागावतील, काहीतरी होईल. त्यांनी घडी खिशात ठेवली आणि काठी टेकत निघून गेले. त्या अठरा अर्जांनी जे हलकं वाटलं होतं, ते सगळं त्यांच्या पाठीबरोबर गेलं.

सायकलकडं वळताना त्या म्हातारीनं हाक मारली. तिचं नाव सोमी. एकटीच राहायची, भाजी पिकवून बाजारात नेऊन विकायची. तिच्या परसातली पट्टी रस्त्यात जात होती.

"उपाशीच हाव ना सकालपासून?" तिनं विचारलं. "घरी कोण हाय तुमचं?"

हिच्या परसावरूनही आपलीच रेघ गेली आहे, हे नागोरावाला माहीत होतं. पण ते आता तिलाही माहीत होतं. लपवायला काही उरलं नव्हतं. त्यानं सायकलचं हँडल घट्ट धरलं.

"बायको आहे. तिला आठवा लागलाय," तो म्हणाला. "राहायला जागा नाही. मित्राकडं आडोसा करून राहतो. तुमच्या गावात कुणाकडं खोली मिळेल का, मावशी?"

सोमी त्याला घरी घेऊन गेली. पुढची पडवी कुडाची होती आणि तिच्यात भोपळे रचून ठेवले होते. भोपळे आत नेता येतील, ती म्हणाली, पण गावातली माणसं बोलतील, तुमच्याशी आणि माझ्याशीबी. ते सोसत असेल तर आणा बायकोला.

माणसं बोललीच. पहिले पंधरा दिवस नर्मदेशी गावच्या विहिरीवर कुणी शब्द काढला नाही. मग तीच आपणहून बोलू लागली, हिंगोलीच्या बोलीत, कुणी हसलं तर आपणही हसत. होळीनंतर त्याच पडवीत तिला मुलगी झाली. सुईण सोमीनंच बोलावून आणली.

हरकतींची सुनावणी पावसाआधी झाली. रेघ थोडी सरकली. जिव्याचं आणि आणखी दोघांचं शेत सुटलं, सोमीची पट्टी अर्धी वाचली. साव्यांची विहीर गेली. सुधारलेला नकाशा ट्रेसिंगसाठी नागोरावाच्याच टेबलावर आला. त्यानं तो काढला. दुसऱ्या कुणाला द्या म्हणायचं धाडस त्याला झालं नाही, आणि दुसऱ्यानं काढल्यानं विहीर वाचणार नव्हती.

रोज सकाळी ऑफिसला जाताना वाटेत सावे दिसत, वाडीच्या कुंपणाशी उभे. त्यांची काळी टोपी लांबून दिसली की नागोरावाच्या छातीत धडधड सुरू व्हायची. सायकल वेगात काढून निघून जाता आलं असतं. तो उतरायचा.

"काका, बरं आहे ना?" तो विचारायचा.

कधी सावे हुंकार द्यायचे, कधी चिकूच्या बहराविषयी एखादं वाक्य बोलायचे, आणि कधी ऐकलंच नाही असं करून आत वळायचे. अशा दिवशी नागोराव थोडा वेळ कुंपणापाशी थांबून राहायचा आणि मग सायकल हातात धरून चालत पुढं जायचा.